पेशीतील चूक आणि माणसाचे कर्म

रोगाला कारण असते, एवढ्यावरून रोगाला अपराधीही असलाच पाहिजे असे ठरत नाही. तरीही कारण आणि अपराध या दोन गोष्टी भारतीय धर्मविचाराच्या लोकप्रचलित रूपात इतक्या जवळ आणून ठेवल्या गेल्या आहेत की, दीर्घ आजार जडलेल्या माणसाविषयी ‘हे कशामुळे झाले’ असा प्रश्न निघाला म्हणजे ‘हे कोणाच्या पापामुळे झाले’ याचा निवाडाही बहुधा त्याच ओघात होऊन जातो. रक्ताच्या काही विरळ व दीर्घकालीन कर्करोगांविषयी गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जे ज्ञान हाती आले आहे त्याने हा सांधा उकलला आहे, कारण या रोगांचे शारीरिक कारण आता पेशीतील एकेका रासायनिक अक्षरापर्यंत दाखवता येते आणि त्या कारणात अपराधी मात्र कोठेच सापडत नाही. कर्मसिद्धान्त मानणाऱ्याने या वस्तुस्थितीचे काय करावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न ग्रंथांपुरता नाही. खेड तालुक्यातील महाळुंगे, ज्याला महाळुंगे इंगळे असेही म्हणतात, ते चाकण–तळेगाव रस्त्यावर, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वसले आहे. त्याच्या एका अंगाला इंद्रायणीकाठचे देहू आहे, दुसऱ्या अंगाला तुकोबांनी एकान्तात चिंतन केले असे परंपरा मानते तो भामचंद्राचा डोंगर आहे, आणि थोड्याच अंतरावर देहूरोड आहे, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मोटारी, दुचाकी आणि त्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या या टापूत एक वेगळी विचारपद्धतीही रोजच्या वापरात आहे: सदोष निघालेल्या भागाविषयी ‘का’ हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारण्याची जी रीत जपानी मोटार उद्योगातून इकडे आली आणि जिला शॉपफ्लोअरवर ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात, तिचा दंडक असा की शेवटचे उत्तर प्रक्रियेत सापडले पाहिजे, कोणाच्या नावापाशी थांबता कामा नये. पाळीभर ही शिस्त पाळणारा माणूस शेजाऱ्याच्या आजारापाशी आला की ‘मागच्या जन्मीचे भोग’ या एका उत्तरावर समाधान मानतो, आणि यात त्याला काही विसंगती वाटत नाही.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहिले पाहिजे. हाडांच्या पोकळीतील ज्या मऊ ऊतीत रक्त तयार होते तिला अस्थिमज्जा म्हणतात. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दररोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी तयार होतात, आणि पांढऱ्या पेशी व बिंबिका त्याखेरीज. पेशी विभागते तेव्हा तिच्यातील जनुकीय मजकुराची संपूर्ण नक्कल होते आणि त्या नकलेत जी चूक दुरुस्त न होता राहून जाते तिला उत्परिवर्तन, म्हणजेच म्यूटेशन, म्हणतात. बहुतेक उत्परिवर्तने निरुपद्रवी असतात. क्वचित एखादी चूक अशा जागी होते की पेशीला वाढीचा आदेश अखंड मिळत राहतो, आणि तिची संतती हळूहळू मज्जेत पसरते. पांढऱ्या पेशींच्या अशा बेसुमार वाढीला ल्युकेमिया म्हणतात, व ती वाढ आठवड्यांत न होता महिन्या-वर्षांच्या गतीने होत असेल आणि पेशी बऱ्याच अंशी परिपक्व होत असतील, तर त्या ल्युकेमियाला दीर्घकालीन असे विशेषण लागते.

यांतील सर्वांत अभ्यासला गेलेला प्रकार क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा असून तो वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्या व्यक्तीस होतो. १९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या संशोधकांना अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट रॉली यांनी दाखवले की ९व्या आणि २२व्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले गेल्याने ते तसे दिसते. या अदलाबदलीत बीसीआर व एबीएल ही दोन जनुके जोडली जातात आणि त्यांच्यापासून असे एक प्रथिन तयार होते की जे पेशीला विभागत राहण्याचा संकेत थांबवतच नाही. याहून विरळ असलेल्या रोगांचीही अशीच ओळख पुढे पटत गेली. हेअरी सेल ल्युकेमिया, ज्यातील पेशींच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली केसाळ दिसतात, त्याच्या जवळजवळ सर्व नमुनेदार रुग्णांत बीआरएएफ या जनुकातील व्ही६००ई हे एकच उत्परिवर्तन असते, हे २०११ मध्ये इटलीतील संशोधकांनी सिद्ध केले; क्रॉनिक न्यूट्रोफिलिक ल्युकेमिया या अतिविरळ रोगात सीएसएफ३आर या जनुकातील बदल प्रमुख असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या एका दीर्घकालीन रोगाची कथा तर तर्कशास्त्राच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे, कारण तेथे उपाय आधी सापडला आणि कारण नंतर: मायलॉइड ल्युकेमियासाठी बनवलेली इमॅटिनिब ही गोळी या रुग्णांना लागू पडते असे दिसल्यावर, ती का लागू पडते याचा शोध घेता घेता २००३ मध्ये ४थ्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळून दोन जनुके जोडली गेल्याचे आढळले. येथे परिणामावरून कारणाचे अनुमान झाले, आणि त्याची पडताळणीही झाली.

या सर्व रोगांत दोन गोष्टी समान आहेत. पहिली अशी की, हे उत्परिवर्तन आईबापांकडून आलेले नसते. ते जन्मानंतर, देहातील एखाद्या मज्जापेशीत घडते आणि सामान्यतः पुढच्या पिढीकडे जात नाही, त्यामुळे अशा रुग्णाच्या मुलामुलींचे विवाह जमवताना ‘घराण्यात आजार आहे’ म्हणून नाक मुरडणे हे अज्ञान आहे. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. उत्परिवर्तन घडले म्हणजे रोग झालाच असेही नाही, कारण अत्यंत संवेदनशील चाचणी वापरली असता निरोगी माणसांच्या रक्तातही बीसीआर-एबीएलचा अंश कधी कधी सापडतो आणि त्या माणसांना पुढे काहीही होत नाही. तसेच वयाच्या सत्तरीनंतर दहापैकी एकाहून अधिक लोकांच्या रक्तात उत्परिवर्तित पेशींचे छोटे कुळ आढळते, पण त्यांतील फार थोड्यांनाच रक्ताचा कर्करोग होतो.

आता या ज्ञानाशेजारी कर्मविचार ठेवला असता काय दिसते? शातातपस्मृतीसारख्या कर्मविपाकपर ग्रंथांनी विशिष्ट पापाला विशिष्ट रोग आणि त्या रोगाला विशिष्ट प्रायश्चित्त अशी कोष्टके रचली. या कोष्टकांत ल्युकेमिया नाही, कारण तो रोग म्हणून ओळखलाच गेला १८४५ मध्ये. परंतु कोष्टकांची वृत्ती मात्र नव्या नावांनाही लावली जाते. तिच्याविरुद्धचा आक्षेप विज्ञानाच्या आधी परंपरेनेच नोंदवलेला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसाच्या म्हणजे साथींच्या अध्यायात, अग्निवेश आपल्या गुरूंना आयुष्याचे मान ठरलेले असते काय असे विचारतो, आणि पुनर्वसु आत्रेय उत्तर देतात की दैव व पुरुषकार, म्हणजे पूर्वी केलेले कर्म व आता केलेला यत्न, यांच्या बलाबलावर ते अवलंबून असते. सर्वांचेच आयुष्य नियत असते तर औषधोपचाराला अर्थच उरला नसता. त्याच संहितेत कर्मज व्याधी कर्मक्षयाखेरीज शमत नाहीत असेही म्हटलेले आहे, त्यामुळे चरकाला निखळ प्रयत्नवादी ठरवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण वैद्याच्या आसनावर बसलेल्या माणसाला दैवाचा वाटा मर्यादित धरावाच लागतो, हे त्यातून स्पष्ट होते.

याहून स्पष्ट भूमिका पाली वाङ्मयात आहे. संयुत्तनिकायातील मोळियसीवक सुत्तात सीवक नावाचा परिव्राजक, माणसाला जे काही सुखदुःख होते ते पूर्वकर्मामुळेच होते या मताविषयी बुद्धाचे म्हणणे विचारतो, आणि बुद्ध वेदनेची आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, तिघांचा संनिपात, ऋतूंचा पालट, स्वतःची विषम वागणूक, बाहेरून झालेला आघात आणि आठवे कर्मविपाक. सर्व दुःख पूर्वकर्माचे मानणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे धावतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कर्म येथे नाकारलेले नाही. त्याला आठ कारणांच्या ओळीत बसवून त्याची मक्तेदारी तेवढी काढून घेतली आहे.

लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले असून संचित, प्रारब्ध व क्रियमाण हा रूढ त्रिविध विभाग बाजूला ठेवून, ज्याचे फळ सुरू झाले ते आरब्ध आणि ज्याचे सुरू झाले नाही ते अनारब्ध, असा ब्रह्मसूत्रांना धरून द्विविध विभाग मांडला आहे. निरोगी माणसाच्या रक्तात फळ न देता पडून राहिलेले उत्परिवर्तन पाहिल्यावर या अनारब्धाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि आठवण झाली की ‘आमच्या ऋषींना जनुके ठाऊक होती’ असे भाषण ठोकणारा वक्ताही फार दूर नसतो. त्याला येथेच थांबवलेले बरे. दोन विचारांचा आकार सारखा असणे म्हणजे त्यांचा विषय एक असणे नव्हे. अनारब्ध कर्माला कर्ता असतो, त्याने ते हेतुपूर्वक केलेले असते आणि म्हणूनच त्याचे फळ न्याय्य मानले जाते, तर मज्जापेशीच्या विभाजनात हेतू बाळगणारा कोणीही नसतो.

सर्वांत मार्मिक टीका आंबेडकरांची आहे. १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा आणि विज्ञानाने सांगितलेली आनुवंशिकता यांची समोरासमोर तुलना केली: विज्ञानाच्या मते मूल आईबापांचे गुण घेते, तर रूढ कर्मसिद्धान्ताप्रमाणे त्याला आईबापांकडून केवळ देह मिळतो आणि बाकी सर्व त्याने स्वतःच मागील जन्मातून आणलेले असते. ही कल्पना विज्ञानाशी जुळत नाही असे दाखवून ते पुढे विचारतात की मग ती कोणत्या हेतूने रचली गेली असावी, आणि त्यांचे उत्तर असे की दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी यासाठी. दीर्घकालीन ल्युकेमियाच्या उदाहरणाने हा युक्तिवाद आणखी एक पाऊल पुढे जातो, कारण येथे दोष ना पूर्वजन्माचा ठरतो, ना आईबापांचा. रुग्णाभोवती अपराधी शोधण्यासाठी जी दोन घरे नेहमी ठोठावली जातात ती दोन्ही रिकामी निघतात.

कर्मवाद्याकडे यावर एक उत्तर उरते: उत्परिवर्तन हे कर्माचेच साधन असेल, नेमक्या त्याच पेशीत नेमकी तीच चूक घडणे हेच अदृष्टाचे काम असेल. हे मत खोडून काढता येत नाही. परंतु जे मत कोणत्याही घटनेने खोडले जाऊ शकत नाही ते कोणतीही घटना घडण्यापूर्वी काही सांगूही शकत नाही, आणि रुग्णाला इमॅटिनिब द्यावे की दुसरे औषध, हे ठरवण्यास त्याचा काडीचा उपयोग होत नाही. इमॅटिनिब घेणाऱ्या काही रुग्णांत एबीएल भागात टी३१५आय हा आणखी एक बदल होऊन औषध त्या प्रथिनाला चिकटेनासे होते. तेव्हा डॉक्टरला पोनॅटिनिबसारख्या पुढच्या औषधाकडे वळावे लागते. कर्माच्या भाषेत या प्रसंगाचे वर्णन करता येईल, पण पुढचे औषध सुचवता येणार नाही.

एक गोष्ट मात्र विज्ञाननिष्ठांनीही ध्यानात घेतली पाहिजे. ‘प्रारब्ध’ हा शब्द रुग्णाने स्वतःविषयी उच्चारला तर तो बहुधा स्वीकाराचा शब्द असतो. त्याने चडफड शमते, औषध नियमित घेण्याचे बळ येते, आणि असा आधार कोणाच्या हातून काढून घेण्याचा अधिकार तर्कशास्त्राला नाही. तोच शब्द भेटायला आलेल्या पाहुण्याने रुग्णाविषयी उच्चारला की तो आरोप होतो. तुकोबांच्या घरात दुष्काळाने मृत्यू आणले. त्या मृत्यूंचे खापर तुकोबांच्या पूर्वपापावर फोडणे कोणाही वारकऱ्याला सुचणार नाही, सुचले तरी जीभ रेटणार नाही. जे सौजन्य संताला मिळते ते महाळुंग्यातील वेल्डरला का मिळू नये?

योगायोग या शब्दाचाही गैरवापर होऊ शकतो. बहुसंख्य रुग्णांत या रोगांचे बाहेरचे कारण सापडत नाही हे खरे असले, तरी किरणोत्सर्गाने मायलॉइड ल्युकेमियाचे प्रमाण वाढते हे हिरोशिमा व नागासाकीच्या वाचलेल्या लोकांच्या अभ्यासातून सिद्ध झालेले आहे, आणि बेंझीन हे द्रव्य मानवात कर्करोग घडवते हे आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झालेले आहे, जरी त्याविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा दीर्घकालीन नव्हे तर तीव्र मायलॉइड ल्युकेमियाबाबतचा असला तरी. भारतात १९४८च्या कारखाने अधिनियमाने बेंझीनच्या विषबाधेचा समावेश कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या परिशिष्टात केला होता. रंगकाम, द्रावके आणि इंधन यांच्याशी रोज संबंध येणाऱ्या पट्ट्यात ‘हा निव्वळ योगायोग’ असे म्हणण्यापूर्वी हवेची मोजणी झाली पाहिजे. अन्यथा दैवाने जे काम पूर्वी केले तेच काम योगायोग करू लागेल, आणि मालकाची सुटका दोन्ही भाषांत सारखीच होईल.

कर्ता नसलेले कारण येथवर पाहिले. ज्या ठिकाणी कर्ता निश्चित सापडतो ते ठिकाण औषधाचे आहे. मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमॅटिनिबने क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे स्वरूपच पालटले: पूर्वी निदानानंतर बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत, तर या औषधाच्या मूळ चाचणीत ते सुरुवातीपासून घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. गोळी बहुधा वर्षानुवर्षे रोज घ्यावी लागते, म्हणून तिची किंमत हा उपचाराचाच भाग ठरतो. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकचा खर्च भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता आणि भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाचा ८ ते १० हजार. कंपनीने इमॅटिनिबच्या बीटा स्फटिकरूपासाठी एकस्व, म्हणजे पेटंट, मागितले; मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णसाहाय्य संस्थेने व काही भारतीय उत्पादकांनी त्यास हरकत घेतली; चेन्नईच्या एकस्व कार्यालयाने जानेवारी २००६ मध्ये अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने तो नकार कायम केला. भारतीय एकस्व अधिनियमाच्या ३(ड) या कलमानुसार ज्ञात द्रव्याचे नवे रूप तेवढ्यानेच शोध ठरत नाही, त्याची परिणामकारकता वाढलेली असावी लागते, आणि औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्याची शक्ती, असा न्यायालयाने अर्थ लावला.

कंपनीची बाजू अशी होती की तिच्या कार्यक्रमातून भारतातील हजारो रुग्णांना हे औषध विनामूल्य मिळत होते, आणि ते खोटे नव्हते. धर्मविचाराच्या दृष्टीने येथे दान आणि न्याय यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. दानाला दात्याची इच्छा लागते, आणि ज्याच्या जिवाची दोरी दुसऱ्याच्या इच्छेवर टांगली आहे त्याला कृतज्ञ राहावे लागते. रास्त किमतीत औषध विकत घेता येणाऱ्या रुग्णावर हे ओझे नसते. मुंबईच्या संस्थेने केलेली हरकत हे या दृष्टीने धर्मकार्यच होते. या भागाला त्याची पूर्वपीठिकाही आहे: महाळुंग्याच्या दक्षिणेस पिंपरीत १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला तो औषध देशात आणि परवडणाऱ्या दरात तयार व्हावे म्हणूनच, आणि १९७०च्या एकस्व अधिनियमाने औषधद्रव्यांवरील एकस्व बंद केल्यामुळे जो भारतीय औषधउद्योग वाढला त्याच्याच कौशल्यावर पुढे इमॅटिनिब स्वस्त झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये या औषधाला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

पेशीतील चूक कोणाचेही कर्म नाही, पण गोळी रुग्णापर्यंत पोचणे किंवा न पोचणे हे नेहमीच कोणाचे तरी कर्म असते, आणि कर्मसिद्धान्ताची जबाबदारीविषयीची सारी कठोरता या दुसऱ्या ठिकाणी लावली पाहिजे. महाळुंग्याच्या पट्ट्यात तिचा विषय ठेकेदारी आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के व मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी घेतली जाते. कर्करोगासह ३४ दीर्घ आजारांसाठी वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत विस्तारित आजारलाभ मिळू शकतो, परंतु त्यासाठी दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि लगतच्या चार वर्गणी-कालखंडांत मिळून किमान १५६ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. ठेकेदार बदलताना नवा विमा क्रमांक काढला गेला, किंवा वेतनातून कापलेली वर्गणी भरलीच गेली नाही, तर तो हिशेब तुटतो आणि आजार आल्यावरच ते उघडकीस येते. म्हणून या पट्ट्यातील प्रत्येक कंत्राटी कामगाराने नोकरी बदलली तरी आपला विमा क्रमांक एकच राहील याची खात्री करावी, वर्गणी जमा होते की नाही हे दर सहा महिन्यांनी पाहावे, आणि आजारी शेजाऱ्याला भेटायला जाताना त्याच्या मागच्या जन्माऐवजी या नोंदीची चौकशी करावी.